सगळं काढून घेतल्यावर

नमस्कार.

शिकवायला लागलो त्या पहिल्या काही वर्षांत मी एका प्रश्नाला न चुकता एक गुण देत असे. प्रश्न : निर्वात पोकळी म्हणजे काय? उत्तर : ज्या जागेत काहीही नाही ती. मुलांनी पाठ केलेलं असे, आणि मीही पाठ केलेलंच तपासत असे. एकदा पेपर परत घेताना मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, तिथे काहीच नाही, तर मग उजेड कशातून येतो?" मी म्हटलं, उजेडाला माध्यम लागत नाही. ती गप्प बसली. पण ते काही उत्तर नव्हतं, ती दटावणी होती. आज जे बोलणार आहे ते तिला द्यायचं राहून गेलेलं उत्तर.

माझी पद्धत वजाबाकीची आहे. मनातल्या मनात एक घनसेंटिमीटरची जागा घ्या, साधारण फाशाएवढी. तिच्यातून एकेक गोष्ट काढत जाऊ. कुठवर जाता येतं ते बघू.

त्याआधी शब्दांकडे एकदा बघून घेऊ. 'निर्वात' म्हणजे वात नसलेलं. हवा नाही, एवढंच हा शब्द सांगतो. बाकी काही नाही असं तो कुठेच म्हणत नाही. फार प्रामाणिक शब्द आहे. 'पोकळी' म्हटलं की भोवती भिंती आल्या, कारण कशाच्या तरी आतच पोकळी असते. आणि 'अवकाश' तर गमतीचा. "त्याला अजून अवकाश आहे" असं आपण म्हणतो तेव्हा जागेबद्दल नाही, वेळेबद्दल बोलत असतो. काळ आणि जागा एकाच शब्दात राहतात याचं भौतिकशास्त्रज्ञाला तरी नवल वाटू नये.

तर पहिली वजाबाकी हवेची.

हवा काढता येते ही गोष्टच जवळपास दोन हजार वर्षं मान्य नव्हती. ॲरिस्टॉटलचं म्हणणं असं : माध्यम जितकं विरळ तितकी वस्तू वेगानं जाते. माध्यमच नसेल तर वेग अनंत होईल. ते शक्य नाही, म्हणून पोकळी शक्य नाही. युक्तिवाद चुकला, पण तो आळशी माणसाचा नव्हे. उलट बाजूला डेमॉक्रिटसची मंडळी. त्यांना अणू हवे होते, आणि अणूंना हलायला मोकळी जागा हवी होती. म्हणजे वरवर पोकळीवरून चाललेलं हे भांडण आतून अणूंवरूनच होतं. आपल्याकडच्या वैशेषिकांनी वेगळीच वाट धरली. आकाश हे त्यांच्या नऊ द्रव्यांपैकी एक, आणि शब्द, म्हणजे ध्वनी, हा त्याचा गुण. ध्वनीच्या बाबतीत ते चुकले. १६६०च्या सुमारास रॉबर्ट बॉईलनं काचेच्या भांड्यात चालू घड्याळ टांगलं आणि पंपानं हवा काढत गेला. टिकटिक विरत विरत ऐकू येईनाशी झाली. ध्वनी हवेचा निघाला. पण रिकामी दिसणारी जागासुद्धा एक 'द्रव्य' आहे, तिला स्वतःचे गुण आहेत, ही त्यांची कल्पना डोक्यात असू द्या.

पोकळीला पहिल्यांदा दार उघडलं ते पाण्याच्या पंपानं. विहिरीतलं पाणी शोषून घेणारा पंप साधारण १० मीटरच्या वर पाणी चढवू शकत नाही, हे गॅलिलिओच्या काळातल्या कारागिरांना ठाऊक होतं. का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. १६४४ मध्ये तोरिचेल्लीनं पाण्याऐवजी पारा घेतला. एका बाजूनं बंद काचेची नळी पाऱ्यानं भरली, तोंडावर बोट धरून पाऱ्याच्या वाटीत उलटी केली. पारा खाली उतरला आणि ७६ सेंटिमीटरवर थांबला. वर नळीत जी जागा राहिली तिच्यात कोणी काही घातलेलं नव्हतं. तोरिचेल्लीनं पत्रात लिहिलं की आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, आणि या समुद्राला वजन आहे. पारा वरच्या पोकळीनं ओढून धरलेला नाही. बाहेरच्या हवेनं तो वर रेटलेला आहे.

इथे जरा थांबतो, कारण यावरच सगळ्यांचा घोळ होतो. पोकळी ओढत नाही. स्ट्रॉनं सरबत पिताना आपण सरबत ओढत नसतो. तोंडातला दाब कमी करतो, आणि वातावरण सरबत वर ढकलतं. १० मीटरची मर्यादा पंपाची नाही, वातावरणाच्या ताकदीची आहे. पास्कलनं हे ओळखलं आणि १६४८ मध्ये आपल्या मेहुण्याला पाऱ्याची नळी घेऊन प्वी द दोम या डोंगरावर पाठवलं. माथ्यावर पारा सुमारे ८ सेंटिमीटर खाली होता. समुद्राचा तळ सोडून थोडं वर आलं की अंगावरचं पाणी कमी होतं, तसंच हे.

मग ऑटो फॉन गेरिके. हा माग्डेबुर्ग शहराचा महापौर. कारभार सांभाळून पंप बनवायचा. त्यानं तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना लावून आतली हवा काढली, आणि दोन्ही बाजूंना घोडे जुंपले. घोड्यांना ते वेगळे करता येईनात. अर्धा मीटर व्यास धरला तर हवेची पकड जवळपास दोन टन वजनाएवढी होते, तेव्हा घोड्यांना दोष देऊ नका. मला मात्र नेहमी एक वाटतं. एक बाजू भिंतीला बांधून निम्मे घोडे घरी ठेवले असते तरी परिणाम अगदी तोच झाला असता. पण मग चित्र एवढं भारदस्त निघालं नसतं.

आता आपल्या फाशाकडे या. साध्या हवेनं भरलेला असताना त्यात २५ वर अठरा शून्यं इतके रेणू असतात. एक रेणू दुसऱ्यावर आदळण्याआधी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढंसुद्धा अंतर कापत नाही. पंप कितीही चांगला असो, सगळे रेणू निघत नाहीत. धातूच्या भिंती स्वतःच हायड्रोजन सोडत राहतात. म्हणून भांडं तापवून भिंतींतला वायू आधी बाहेर काढतात, मग भिंती इतक्या थंड करतात की भटका रेणू त्यांनाच चिकटून बसावा. १९९०च्या सुमारास जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत अशा थंड सापळ्यात प्रतिप्रोटॉन, म्हणजे प्रोटॉनची उलट्या विद्युतभाराची जुळी भावंडं, ठेवले होते. साध्या अणूशी गाठ पडली की प्रतिप्रोटॉन नष्ट होतो. ते महिनोन्‌महिने टिकले, यावरून हिशेब निघाला की आत घनसेंटिमीटरला शंभराहून कमी अणू आहेत. पोकळी मोजायची पट्टी कोणती, तर एक कण किती दिवस जगतो ती. मला हा प्रयोग फार आवडतो.

बरं, आपण कशाला पंप चालवत बसायचं? वर आयती पोकळी पसरलेली आहे.

आहे का पण? १०० किलोमीटरवर अवकाश सुरू होतं असं आपण सोयीसाठी ठरवलंय. हवेला त्याची कल्पना नाही. ४०० किलोमीटरवर फिरणाऱ्या अंतराळस्थानकाला विरळ हवेचा एवढा अडथळा होतो की ते हळूहळू खाली येत राहतं आणि अधूनमधून इंजिन पेटवून त्याला पुन्हा वर चढवावं लागतं. तिथले अंतराळवीर तरंगतात ते पोकळीमुळे, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास असतं. स्थानक आणि माणसं दोघंही एकाच वेगानं पडत असतात, म्हणून तरंगतात. आणखी दूर, पृथ्वीच्या कक्षेत पण पृथ्वीपासून लांब, दर घनसेंटिमीटरला पाचेक प्रोटॉन असतात. ते सूर्यापासून सेकंदाला ४०० किलोमीटरच्या वेगानं वाहत असतात. हा सौरवारा. निर्वात म्हणायचं, आणि तिथे वारा!

व्हॉयेजर-१ यानानं या वाऱ्याची हद्द ऑगस्ट २०१२ मध्ये ओलांडली. बाहेर पडल्याचं कळलं कसं, तर तिथला विद्युतभारित वायू आतल्यापेक्षा जवळपास चाळीसपट दाट निघाला. सूर्याच्या फुग्याच्या आत कडेला जास्त रिकामं आणि बाहेर जास्त भरलेलं. आपल्या अंदाजाच्या नेमकं उलट.

ताऱ्यांच्या मधल्या जागेत काही आहे हे पहिल्यांदा कळलं त्यात मृग नक्षत्राचा मोठा वाटा आहे. मृगाच्या पोटात घुसलेल्या बाणाचे तीन तारे तुम्ही पाहिले असतील. त्यांतला एक खरं तर एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांची जोडी आहे. ते फिरतात, म्हणून त्यांच्या वर्णपटातल्या रेषा मागेपुढे सरकतात. १९०४ मध्ये योहानेस हार्टमानच्या लक्षात आलं की कॅल्शियमची एक रेष सरकतच नाही. बाकी सगळ्या रेषा झोके घेताहेत आणि ही एक जागची हलत नाही. म्हणजे हा कॅल्शियम ताऱ्यात नाही, तो वाटेत कुठेतरी आहे. एका न हललेल्या रेषेवरून माणसाला ताऱ्यांमधला वायू सापडला.

किती आहे हा वायू? आपल्या दीर्घिकेत सरासरी घनसेंटिमीटरला एखादा अणू. कुठे त्याहून खूप कमी, आणि जिथे तारे जन्मतात त्या ढगांत हजारो-लाखो. मी एकदा कागदावर सहज हिशेब केला. घनसेंटिमीटरला एक अणू धरून सव्वातीन हजार प्रकाशवर्षं लांबीच्या रेषेवर जितके अणू लागतील, तितकेच रेणू आपल्यासमोरच्या सव्वा मीटर हवेत असतात. माझ्यापासून पहिल्या रांगेपर्यंत. तरी त्या अंतरात मिसळलेली धूळ ताऱ्यांचा उजेड झाकून टाकते, कारण धुळीला एवढा लांब पल्ला मिळतो.

दीर्घिकांच्या मध्ये गेलं की घनसेंटिमीटर सोडून घनमीटरच धरावा लागतो. विश्वातला सगळा साधा पदार्थ सारखा पसरला तर चार घनमीटरमध्ये एक प्रोटॉन. आणि तो सारखा पसरलेला नाहीच. दीर्घिका धाग्यांसारख्या, पापुद्र्यांसारख्या रचलेल्या आहेत आणि मध्ये प्रचंड रितेपण आहे. भूतप या तारकासमूहाच्या दिशेला १९८१ मध्ये असा एक प्रदेश सापडला, सुमारे ३३ कोटी प्रकाशवर्षं रुंद. तिथेही काही डझन दीर्घिका आहेतच. विश्वातली सर्वांत ओस म्हणावी अशी जागा, आणि तिथे अब्जावधी सूर्यांची वस्ती.

ठीक आहे. समजा आपण तिथे जाऊन फासा ठेवला. त्यात एकही अणू नाही. आता तरी तो रिकामा झाला का?

नाही. त्यात उजेड आहे. महास्फोटानंतर राहिलेलं सूक्ष्मलहरींचं प्रारण विश्वात सगळीकडे आहे. पेन्झियस आणि विल्सन यांना ते १९६४-६५ मध्ये सापडलं. त्याचं तापमान २.७ केल्व्हिन, आणि दर घनसेंटिमीटरला त्याचे ४११ फोटॉन, म्हणजे उजेडाचे कण. जिथे चार घनमीटरला एक प्रोटॉन मिळायची मारामार, तिथे घनमीटरला ४१ कोटी फोटॉन. विश्व संख्येनं उजेडाचंच बनलेलं आहे, पदार्थ म्हणजे तोंडी लावायला. आणि प्रयोगशाळेतल्या भांड्याचं म्हणाल तर हवेचा शेवटचा रेणू काढलात तरी खोलीच्या तापमानाच्या भिंती उष्णतेचे फोटॉन सोडतातच. घनसेंटिमीटरला सुमारे ५५ कोटी. म्हणून "अवकाश किती थंड असतं?" या प्रश्नाला मी सरळ उत्तर देत नाही. पोकळीला स्वतःचं तापमान नसतं. तिथे जे प्रारण असतं त्याला असतं. थर्मासमधला चहा गरम राहतो तो भिंतींमधल्या पोकळीमुळेच. ती उष्णता वाहून नेत नाही, फक्त प्रारण जाऊ देते.

भिंती थंड केल्या, फोटॉनही गेले असं समजू. न्यूट्रिनो, म्हणजे कशाशीच जवळपास संबंध न ठेवणारे अतिहलके कण? ते काढता येत नाहीत. सूर्याकडून येणारे साडेसहा हजार कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला आपल्या नखाएवढ्या जागेतून आरपार जातात, आणि अख्खी पृथ्वी मध्ये घातली तरी जवळपास एकही अडत नाही. त्यांना अडवणारी भिंत आपल्याकडे नाही. तरी कल्पनेत तेही काढू. उगाच हटून बसण्यात अर्थ नाही.

अणू नाही, उजेड नाही, न्यूट्रिनो नाही. आता त्या मुलीचा प्रश्न पुन्हा घ्या. अशा जागेतून उजेड जातो, आणि मनाला येईल त्या वेगानं जात नाही. सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर, ना कमी ना जास्त. काहीच नसलेल्या जागेला हा आकडा सांगतं कोण?

एकोणिसाव्या शतकाचं उत्तर होतं ईथर. लहर म्हटली की काहीतरी हललं पाहिजे, तर ते ईथर. १८८७ मध्ये मायकेलसन आणि मोर्ली यांनी पृथ्वी या ईथरमधून धावते तेव्हा त्याचा उलटा झोत लागतो का ते पाहिलं. लागला नाही. १९०५ मध्ये आइन्स्टाइननं ईथरची गरजच उरू दिली नाही. गोष्ट इथे संपते असं आपण पुस्तकांत लिहितो. पण याच आइन्स्टाइननं १९२० मध्ये लायडनला व्याख्यान दिलं, त्यात तो म्हणाला की सामान्य सापेक्षतेनुसार, म्हणजे त्याच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतानुसार, अवकाशाला भौतिक गुण आहेत, आणि त्या अर्थी ईथर आहे. फक्त त्याचे कण मानायचे नाहीत आणि त्याला गती आहे असं म्हणायचं नाही. अवकाश वाकतं. १४ सप्टेंबर २०१५ ला गुरुत्वीय लहर पृथ्वीवरून गेली, तेव्हा चार किलोमीटर लांबीच्या निर्वात नळ्या प्रोटॉनच्या व्यासाच्या साधारण हजाराव्या भागाएवढ्या लांब-आखूड झाल्या, आणि ते मोजता आलं. तेव्हा काय हललं? जागाच हलली. द्रव्य म्हणा अगर म्हणू नका, तिला गुण आहेत.

आता क्वांटमकडे. इथे माझी एक तक्रार आहे. "पोकळीत कण सतत जन्मतात आणि मरतात, ती उकळत्या पाण्यासारखी खदखदत असते," असं फार सहज लिहिलं जातं. चित्र सोयीचं आहे, पण उकळतं पाणी क्षणाक्षणाला बदलतं आणि निर्वाताची अवस्था बदलत नाही. ती अगदी स्थिर असते. मग खरं काय आहे? विश्वात सर्वत्र क्षेत्रं आहेत. विद्युतचुंबकीय क्षेत्र, इलेक्ट्रॉनचं क्षेत्र. कण म्हणजे या क्षेत्रांची उचंबळ. निर्वात म्हणजे प्रत्येक क्षेत्राची सर्वांत खालची पायरी. आणि क्वांटम नियमानुसार खालच्या पायरीवरसुद्धा क्षेत्राचं मूल्य एकाच वेळी नेमकं शून्य आणि अचल असू शकत नाही. मोजायला गेलात तर कधी थोडं इकडे, कधी थोडं तिकडे मिळतं. सरासरी शून्य, पसारा शून्य नाही.

हे नुसतं कागदावर नाही. हेलियम घ्या. साध्या दाबाखाली तो निरपेक्ष शून्यापर्यंत थंड केला तरी गोठत नाही. द्रवच राहतो. त्याचे अणू खालच्या पायरीवर असूनही एका जागी बसायला तयार नसतात. गोठवायचा तर वातावरणाच्या पंचवीसपट दाब द्यावा लागतो. १९४७ मध्ये लॅम्ब आणि रदरफर्ड यांनी (हा वेगळा रदरफर्ड, अणुकेंद्र शोधणारा नव्हे, नावाचं स्पेलिंगही वेगळं आहे) हायड्रोजनच्या दोन पातळ्या मोजल्या. इलेक्ट्रॉनचं वागणं सांगणाऱ्या डिरॅकच्या समीकरणाप्रमाणे त्या तंतोतंत सारख्या हव्या होत्या. अगदी किंचित वेगळ्या निघाल्या, आणि फरकाचं कारण मुख्यतः इलेक्ट्रॉनला निर्वाताच्या क्षेत्राचे बसणारे हेलकावे.

सगळ्यांत बोलकं उदाहरण कासिमिरचं. १९४८ मध्ये या डच शास्त्रज्ञानं दाखवलं की पोकळीत दोन गुळगुळीत धातूच्या पट्ट्या एकमेकींच्या अगदी जवळ समोरासमोर धरल्या, तर विद्युतभार नसला तरी त्या एकमेकींकडे ओढल्या जातील. पट्ट्यांच्या मधल्या फटीत सगळ्या लांबीच्या लहरी मावत नाहीत, बाहेर मावतात. त्यामुळे आतली आणि बाहेरची शून्यबिंदू ऊर्जा, म्हणजे खालच्या पायरीवरही उरणारी ऊर्जा, वेगळी पडते. एक मायक्रोमीटरची फट असेल तर बळ जेमतेम मोजण्याजोगं. पण फट शंभरपट कमी करा, १० नॅनोमीटर, तर दर चौरस सेंटिमीटरवरचा दाब साधारण आपल्या वातावरणाएवढा होतो! गेरिकेचे घोडे आठवा. त्याचे अर्धगोल बाहेरच्या हवेनं दाबून धरले होते. इथे ना आत हवा ना बाहेर, आणि पकड तेवढीच. १९९७ मध्ये लामोरो यानं हे बळ चांगल्या अचूकतेनं मोजलं. नीट सांगायचं तर हेच बळ पट्ट्यांतल्या विद्युतभारांच्या परस्परक्रियेतूनही काढता येतं, निर्वाताच्या ऊर्जेचं नाव न घेता. म्हणून 'कासिमिरनं निर्वाताची ऊर्जा सिद्ध केली' असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. आणि या ऊर्जेवर चालणारं यंत्र विकायला कोणी आलं, तर खिसा सांभाळा. खालच्या पायरीच्या खाली उतरता येत नाही, त्यामुळे तिथून सतत ऊर्जा काढत राहता येत नाही.

जाता जाता आणखी एक. "अणू ९९.९९ टक्के पोकळ असतो" हे वाक्य मी स्वतः फळ्यावर लिहिलेलं आहे. आता लिहीत नाही. अणुकेंद्र अणूच्या मानानं फार लहान, इतकं खरं. पण इलेक्ट्रॉन म्हणजे केंद्राभोवती फिरणारी गोटी नव्हे. त्याची लहर ती सगळी जागा व्यापून असते. अणूच्या आत मोकळी खोली नाही.

हिग्ज क्षेत्राचं तर वेगळंच. बाकी क्षेत्रं खालच्या पायरीवर सरासरीनं शून्य असतात, हे नसतं. त्याला शून्यावर ठेवायला जास्त ऊर्जा लागते. म्हणजे आपल्या फाशातून हिग्ज क्षेत्र 'काढलं' तर फासा आधीपेक्षा जास्त भरेल! वजाबाकी करावी आणि उत्तर वाढावं. इलेक्ट्रॉनला वस्तुमान आहे ते याच क्षेत्रामुळे. ४ जुलै २०१२ ला सर्नमध्ये हिग्ज कण सापडल्याचं जाहीर झालं, ती त्या क्षेत्राची उचंबळ होती. क्षेत्र स्वतः इथे, या सभागृहात, तुमच्या-माझ्यात आहे. मघाची वजाबाकी बंद पडते ती या ठिकाणी. काढता येण्यासारखं सगळं काढलं. आता जे आहे ते काढायला गेलं तर किंमत मोजावी लागते.

शेवटचा भाग विश्वाच्या पातळीवरचा, आणि तो सर्वांत अडचणीचा आहे. १९१७ मध्ये आइन्स्टाइननं आपल्या समीकरणात एक स्थिरांक घातला. नंतर विश्व प्रसरण पावतंय असं दिसल्यावर तो काढून टाकला. १९९८ मध्ये दूरच्या, स्फोट होऊन फुटलेल्या ताऱ्यांवरून दोन गटांना कळलं की प्रसरणाचा वेग मंदावत नाही, वाढतो आहे. स्थिरांक परत आला. त्याचा सर्वांत सरळ अर्थ असा की पोकळीच्या प्रत्येक घनसेंटिमीटरला ठरावीक ऊर्जा आहे आणि विश्व पसरलं तरी ती पातळ होत नाही.

पण ऊर्जेनं प्रसरण वेगानं का व्हावं? नळी घ्या आणि दट्ट्या. आत साधा वायू असेल तर दट्ट्या मागे जाताना वायू त्याला ढकलतो आणि स्वतःची ऊर्जा खर्च करतो. आता आत पोकळी आहे, बाहेर तीही नाही असं समजा. दट्ट्या मागे घेतला की पोकळी वाढली, म्हणजे आतली ऊर्जा वाढली. ती आली कुठून? ओढणाऱ्या हातातून. म्हणजे पोकळी दट्ट्याला आत खेचत होती. तिचा दाब ऋण आहे. मघाशी तासाच्या सुरुवातीला मी ठासून सांगितलं होतं की पोकळी ओढत नाही. ते शब्द आता अर्धे परत घेतो. हवेच्या बाबतीत ओढत नाही. तिच्या स्वतःच्या ऊर्जेच्या बाबतीत ओढते. मात्र विश्वात सगळीकडे हा दाब सारखाच, त्यामुळे ओढाताणीचा थेट परिणाम काही नाही. परिणाम होतो तो गुरुत्वाकर्षणातून. आइन्स्टाइनच्या नियमात नुसतं वस्तुमान आकर्षण करत नाही, दाबही करतो, तोही तिप्पट वजनानं. ऋण दाब तिप्पट धरला की ऊर्जेच्या आकर्षणावर तो मात करतो, आणि विश्वाच्या पसरण्याचा वेग वाढायला लागतो. साधारण ५०० कोटी वर्षांपूर्वीपासून या गोष्टीची सरशी आहे, कारण तोवर पदार्थ पातळ होत गेला आणि ही झाली नाही.

किती आहे ही ऊर्जा? अख्ख्या पृथ्वीच्या आकारमानाएवढ्या पोकळीत साडेसहा मिलिग्रॅम. चिमूटभरही नाही. तरी विश्वाच्या एकूण ऊर्जेत सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा तिचा, कारण विश्वात पोकळीच फार आहे.

आणि आता अडचण. क्षेत्रांच्या शून्यबिंदू ऊर्जेची आपल्याला माहीत असलेल्या नियमांनी बेरीज केली, तर उत्तर या मोजलेल्या आकड्याच्या १ वर १२० शून्यं इतक्या पट येतं. काही गृहीतकं बदलून शून्यं कमी करता येतात, पन्नास-साठपर्यंत आणता येतात. त्यानं काही मोठं समाधान होत नाही. क्वांटम सिद्धांताच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या पाउलीनं फार पूर्वी असाच एक हिशेब करून पाहिला, तर त्याला आढळलं की विश्व चंद्रापर्यंतही पोचणार नाही, असं सांगतात. इतकी चूक दुसऱ्या कुठल्या विषयात झाली असती तर तो विषय बंद पडला असता. आमचा बंद पडला नाही, याचं कारण बाकीची गणितं दहा-बारा दशांशस्थळांपर्यंत जुळतात.

एक चिठ्ठी आली आहे. "हिग्ज क्षेत्राची आजची पायरी ही सर्वांत खालची आहेच, असं कशावरून?" चांगला प्रश्न आहे, आणि उत्तर आहे : नसू शकते. हिग्ज कणाचं वस्तुमान आणि टॉप क्वार्क या सर्वांत जड मूलकणाचं वस्तुमान समीकरणात घातलं तर असं दिसतं की आपला निर्वात बहुधा डोंगराच्या मधल्या खोलगटीत आहे आणि खरी दरी पलीकडे आहे. कुठेतरी एक बुडबुडा पलीकडे घसरला, तर तो जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं पसरेल, आत वेगळे नियम, वेगळी वस्तुमानं. चिठ्ठी पाठवणाऱ्यांनी काळजी करू नये. एक तर असं घडायला लागणारा अपेक्षित काळ विश्वाच्या आजच्या वयापेक्षा कल्पनेपलीकडे मोठा निघतो. दुसरं, आपल्या यंत्रांपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जेचे वैश्विक किरण अब्जावधी वर्षं एकमेकांवर आदळत आले आहेत आणि काही झालेलं नाही. तिसरं, तो बुडबुडा प्रकाशासोबतच येईल, त्यामुळे येताना दिसणार नाही. खोलगट आहे की तळ, हे टॉप क्वार्कच्या वस्तुमानातल्या थोड्याशा फरकावर अवलंबून आहे. ते सध्या साधारण १७३ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक) आसपास मोजलं जातं, आणि अजून नेमकं करण्याचं काम चालू आहे.

दुसरी चिठ्ठी पंख्याबद्दल आहे, ती मी व्यवस्थापकांकडे देतो.